फाइलीत नसलेला पाइप

“डोळे झाकून घ्या ताई,” असं मला एका मालकाने ज्या गाडीबद्दल सांगितलं, तिच्याचबद्दल दुसऱ्या मालकाचं म्हणणं होतं, “फुकट दिली तरी दारात उभी करू नका.” मॉडेल एकच, इंजिन एकच, फार तर एखाद-दोन वर्षांचा फरक. दोघेही ओळखीचे आणि मला काही विकण्यात दोघांचाही स्वार्थ नव्हता. मग कुणाचं खरं धरायचं? जुनी गाडी घ्यायला निघाले तेव्हा पहिल्याच पायरीवर हे कोडं पडलं आणि कितीतरी दिवस सुटलं नाही.

मी कराडला शिक्षिका. आईवडील चिपळूणला. वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवेनात. तपासणीसाठी त्यांना कराडला आणायचं तर दर वेळी भाड्याची गाडी करायची, ती वेळेवर येईल की नाही याची धाकधूक, आणि घाटात त्यांना उलटीसाठी थांबायचं असेल तर ड्रायव्हरची नाराजी. घराचे हप्ते चालू असल्यामुळे नवी गाडी परवडणारी नव्हती. अडीच लाखांपर्यंत हात जात होता. लायसन्स नुकतंच निघालं होतं. इंजिनातलं काहीही कळत नव्हतं. बॉनेट उघडलं की सगळ्या काळ्या नळ्या एकसारख्याच दिसायच्या.

उंच टपाची गाडी हवी होती, कारण खुब्याच्या माणसाला वाकून खाली बसता येत नाही. म्हणून वॅगनआर. ही गाडी आपल्याकडे डिसेंबर 1999 मध्ये आली आणि 2010 मध्ये तिला तीन सिलिंडरचं 998 सीसीचं के-10 इंजिन मिळालं, एवढं वाचून समजलं. पण वाचलेल्या माहितीवरून कुणी दोन-अडीच लाख रुपये काढून देत नाही. म्हणून मी मालकांना विचारत सुटले. शाळेत, सोसायटीत, लग्नकार्यात, जिथे कुठे वॅगनआर उभी दिसेल तिथे.

डोळे झाकून घ्या म्हणणारे आमचे सहकारी. त्यांची गाडी रोज घर ते शाळा चालते, पेट्रोलवर, एकाच हातात. दरवर्षी दिवाळीच्या आधी सर्व्हिसिंग, तेही ओळखीच्या एकाच गॅरेजात. फुकट घेऊ नका म्हणणारे मलकापूरचे. त्यांनी गाडी घेतली ती आधी भाड्याने पळालेली होती. बाहेरून बसवलेलं गॅसचं किट, त्याची नोंद आरसी बुकात नाही, घेतल्यावर काही महिन्यांतच क्लच प्लेट गेली आणि मग हेड गॅसकेट. उंब्रजच्या एका वहिनींची गाडी तर जेमतेम चाललेली. पण लॉकडाउनमध्ये ती महिनोन्‌महिने जागेवरून हलली नव्हती. नंतर बाहेर काढली तेव्हा बॅटरी मेलेली, मागचे ब्रेक चिकटलेले, टायर एका बाजूने चपटे झालेले आणि उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं. त्या म्हणाल्या, “चालवली असती तर एवढा खर्च आला नसता.”

माझ्या इस्लामपूरच्या मामांकडे जुनी सॅन्ट्रो झिंग आहे, अजून रोजच्या वापरात. त्यांनी मला एक गोष्ट समजावली जी बाकी कुणीच सांगितली नव्हती. त्यांच्या गाडीत टायमिंगसाठी रबरी बेल्ट आहे. तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन खोलावं लागतं. ते दर वेळी मुदतीच्या आधी बदलतात, म्हणून गाडी शाबूत. के-10 मध्ये त्या जागी साखळी आहे, तिला तसं वेळापत्रक नाही, पण तेल वेळेवर बदललं नाही तर तीही ढिली होऊन खडखडते. “कंपनीने काय दिलंय ते एकदा समजून घे,” मामा म्हणाले, “आणि मग मालकाने काय केलं ते विचार.”

मामांच्या या वाक्याने माझं विचारणं बदललं. तोपर्यंत मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होते, गाडी कशी आहे? त्यावर माणूस आपलं समाधान सांगतो नाहीतर आपला राग. आता मी विचारू लागले, रोज किती चालते? कुठल्या रस्त्याला? सलग उभी कधी होती? शेवटचं काय बदललं आणि केव्हा? या प्रश्नांना मिळणारी उत्तरं एकमेकांशी भांडत नव्हती. सहकाऱ्यांचा अनुभवही खरा निघाला आणि मलकापूरकरांचाही. ते एकाच मॉडेलच्या दोन वेगळ्या आयुष्यांबद्दल बोलत होते.

गाडी बघायला आमच्या भागातले एक वयस्कर मेस्त्री बरोबर आले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं, “ताई, मी नको म्हटलं की तिथं थांबायचं नाही. रंग बघून जीव गुंतवायचा नाही.”

पहिली गाडी एका विक्रेत्याच्या आवारात होती. पांढरी, चकचकीत, मीटरवर चौतीस हजार. आत अत्तराचा वास. विक्रेता सांगत होता, सिंगल हँड, लेडीज वापर, इंजिनला हात लावलेला नाही. चाचांनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून त्यांनी सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. आपण लावतो तेवढा पट्टा काळा, स्वच्छ होता. ते ओढतच राहिले, रीळ संपेपर्यंत. शेवटचा हातभर पट्टा मातकट निघाला आणि त्यावर आडवी, सरळ रेघ. बोटाने घासली तर बारीक गाळाची पूड हाताला लागली. मग त्यांनी सीट मागे सरकवून रुळांखालचे बोल्ट दाखवले. चौतीस हजार चाललेल्या गाडीचे ते बोल्ट गंजून फुगले होते. चाचांनी दार लावलं आणि म्हणाले, “चला.”

रस्त्यात त्यांनी सांगितलं ते मला चिपळूणची असूनही सुचलं नव्हतं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि 22 जुलै 2021 ला चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या! आमच्या गल्लीत वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं तेव्हा दारादारांत उभ्या असलेल्या गाड्यांची फक्त टपं दिसत होती. त्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या का? नाही. काही धुऊन, वाळवून, नवी सीट कव्हरं घालून पुन्हा विकायला आल्या. पुराचं पाणी इंजिनातून काढता येतं, पण वायरिंगच्या जोडांत, दारांच्या पोटात, बेअरिंगांत गाळ राहतो आणि त्याचा त्रास वर्षा-दोन वर्षांनी सुरू होतो. आमच्या भागात जुनी गाडी घेणाऱ्याने सीटबेल्ट पूर्ण ओढून बघितलाच पाहिजे. त्याला पैसे पडत नाहीत आणि ज्ञानही लागत नाही.

किनाऱ्यालगतच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. एक रत्नागिरी पासिंगची गाडी वरून नवरीसारखी होती. चाचांनी तिला रॅम्पवर चढवायला लावलं आणि खालून टॉर्च मारला. सायलेन्सरचे जोड, चाकांमागचा पत्रा, दारांखालची पट्टी, सगळीकडे गंजाचे पापुद्रे सुटलेले. खारी हवा आणि पाऊस. तिचं इंजिन मात्र चाचांच्या मते उत्तम होतं, आणि हे त्यांनी तिच्या मालकाला मोकळेपणाने सांगितलंही.

शेवटी घेतली ती कराडातल्याच एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची. 2011 ची, करड्या रंगाची, मीटरवर ब्याण्णव हजार. पांढऱ्या गाडीच्या जवळजवळ तिप्पट चाललेली. हा आकडा ऐकून मी मनातून खट्टू झाले होते. पण काकांनी टेबलावर एक निळी फाइल आणून ठेवली. पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची बिलं, तारखेनुसार लावलेली. प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात मीटरचा आकडा. ते सगळे आकडे पायरीपायरीने चढत ब्याण्णव हजारांपर्यंत आले होते. मीटर मागे फिरवलेलं नाही याचा याहून चांगला पुरावा कुठला असणार? क्लच प्लेट 2019 मध्ये बदललेली, बॅटरी 2022 मध्ये. विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनस 50 टक्के, म्हणजे निदान सलग पाच वर्षं अपघाताचा एकही दावा नाही. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, त्यामुळे तो माझ्याकडे आला नाही, पण वाचून बरंच कळलं.

चाचांनी काकांना आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवून त्यांनी खात्री केली. इंजिन गार असतानाच त्याची खरी प्रकृती कळते, तापलेली गाडी बरेच आजार लपवते, हे त्यांचं म्हणणं. तेलाचं झाकण उघडून आतल्या बाजूला दुधाळ साय आहे का ते बघितलं. असती तर तेलात पाणी मिसळतंय, गॅसकेट संशयास्पद. सेल्फ मारल्यावर मला मागे उभं करून धूर बघायला सांगितला. निळा असेल तर इंजिन तेल जाळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा थंडीत क्षणभर चालेल पण रेंगाळला तर पाणी जळतंय. धूर दिसलाच नाही. मग ए.सी. लावून गाडी उभ्या जागी सुरू ठेवली. रेडिएटरचा पंखा सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. चालवताना हातात थोडी थरथर जाणवली. चाचा म्हणाले, तीन सिलिंडरला ती राहणारच, पण इंजिन माउंटिंगची रबरंही थकलीत.

टायरवर लिहिलेलं वाचायला मी तिथे शिकले. कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मागच्या टायरांवर 2316 होतं, म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली खोल होती, पण जवळून पाहिलं तर नक्षीच्या तळाशी केसासारख्या भेगा. स्टेपनी तर गाडीबरोबर आलेली, 2011 ची, एकदाही रस्त्याला न लागलेली आणि तरीही निकामी. काकांनी टायरांचे पैसे स्वतःहून कमी केले. दोन लाख पस्तीस हजारांना व्यवहार ठरला.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज फिटलेलं असल्याने बँकेचं पत्र आणि बोजा उतरवल्याची नोंद, आणि विमा कंपनीला 14 दिवसांच्या आत नाव बदलासाठी अर्ज. हा शेवटचा अर्ज लोक विसरतात. गाडी नव्या मालकाच्या नावावर आणि विमा जुन्याच्या नावावर राहिला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

गाडी आली. वडील पहिल्यांदा बसले तेव्हा कुणाचाही हात न धरता बसले. त्यासाठीच तर गाडी घेतली होती.

पुढे मे महिन्यात चिपळूणहून कराडला येत होते. आई, वडील आणि भाचा बरोबर. दुपारची वेळ, ए.सी. चालू. पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि वरच्या वळणांवर गाडीत गोडसर वास येऊ लागला. आईला वाटलं कुणीतरी गुळाचा पाक करतंय. मला काही अर्थ लागेना. पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ दिसली. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, भाच्याने मागच्या चाकाला दगड लावला. वडिलांना उतरवून सावलीत कठड्यावर बसवलं. गाडी पेटेल का, हा एकच प्रश्न डोक्यात. पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन मी रेडिएटरच्या झाकणाकडे वाकले, तेवढ्यात मागून येऊन थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, “ओ ताई, झाकणाला हात लावू नका!”

त्याने शांतपणे समजावलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि सगळं उसळून तोंडावर येतं. अशाने भाजलेली माणसं त्याने पाहिली होती. “इंजिन लगेच बंद केलंत ते बरं केलं. तसंच वर रेटलं असतंत तर हेड वाकलं असतं.” मग आम्ही वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने त्याने फडक्याने झाकण थोडं थोडं फिरवून उघडलं. रेडिएटरच्या वरच्या तोंडाला जोडलेला रबरी होज पाइप क्लॅम्पच्या अगदी जवळ चिरला होता. क्लीनरने चिरलेला दोन बोटं तुकडा सुरीने कापून टाकला, उरलेला पाइप ओढून पुन्हा तोंडावर बसवला आणि स्क्रू आवळला. बाटल्यांतलं पाणी भरलं. ए.सी. बंद, काचा खाली, सावकाश जा, पाटणला पाइप मिळेल, एवढं सांगून तो निघून गेला. पैसे देऊ केले ते घेतले नाहीत. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

पाटणच्या दुकानात मी मॉडेल आणि साल सांगितलं. दुकानदाराने मागे वळून फळीवरून पाइप काढून दिला. किंमत काही शे रुपये. समोरच्या गॅरेजात तो बसवूनही मिळाला आणि दिवेलागणीला आम्ही कराडात पोहोचलो. तालुक्याच्या दुकानात भाग फळीवर असणं हा माझ्या मते गाडीच्या भरवशाचाच भाग आहे. एखादी गाडी कमी बिघडत असेल, पण तिच्या एका पाइपसाठी पुण्याहून पार्सलची वाट बघत आठवडा जाणार असेल, तर घाटातल्या कुटुंबाला तिचा उपयोग काय?

फाटलेला पाइप मी बरोबर आणला होता. चाचांनी तो उभा चिरून माझ्या हातात दिला. बाहेरून काळा, गुळगुळीत, कुणालाही धडधाकट वाटावा असा. आतून मात्र क्लॅम्प बसतो त्या जागी गोलाकार भेगांची जाळी झालेली. चिमटीत दाबला की कडकड आवाज यायचा आणि सोडला तरी चिमटलेलाच राहायचा. नवा पाइप दाबून सोडला की टुणकन पूर्ववत होतो. चाचा म्हणाले, “कुठल्याही कंपनीचा असू दे, तेरा वर्षं उकळत्या पाण्यात राहिलेलं रबर असंच होणार. लोखंडाच्या आधी रबर म्हातारं होतं, ताई.”

त्या रात्री मी निळी फाइल पुन्हा काढली आणि या वेळी वेगळ्या नजरेने वाचली. आधी वाचताना मी बघत होते की काय काय बदललंय. आता शोधत होते की काय कधीच बदललेलं नाही. तेल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, क्लच, बॅटरी, सगळं होतं. होज पाइप कुठेच नव्हता. थर्मोस्टॅट नव्हता. अल्टरनेटरचा बेल्ट एकदाच, तोही फार पूर्वी. ब्रेक ऑइलची शेवटची नोंद बरीच जुनी. ते हवेतली ओल ओढतं आणि साधारण दोन वर्षांत बदलायचं असतं, हे मला चाचांनी सांगितलं. काकांचा यात काहीही दोष नाही. त्यांनी गाडी जीवापाड सांभाळली. पण सर्व्हिसिंगच्या यादीत जे नसतं ते कुणीच बदलत नाही आणि तेवढंच मूळचं, पहिल्या दिवसापासूनचं राहून जातं. इतकी नीट फाइल होती म्हणून ही पोकळी दिसली. पांढऱ्या गाडीसारखी कागदाविना गाडी असती तर मला काय दिसणार होतं?

मग आम्ही त्या न झालेल्या नोंदींवरूनच काम काढलं. सगळे होज पाइप, बेल्ट, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण आणि चाकांकडे जाणारे ब्रेकचे रबरी पाइप. कूलंट धुऊन नवं भरलं, कारण घाटात साधं पाणी घातलं होतं आणि नुसत्या पाण्याने आत गंज धरतो. इंजिन माउंटिंग बदलल्यावर स्टिअरिंगची थरथर निम्म्याने कमी झाली. लोअर आर्मचे बुश बदलले तसा खड्ड्यांतला खटखट आवाज गेला. टायर धरून पहिल्या वर्षी चाळीस हजारांच्या घरात खर्च आला. त्यातले बहुतेक पैसे इंजिनावर नाही, रबरावरच गेले. दोन-अडीच लाखांना जुनी गाडी घेणाऱ्याने तीस-चाळीस हजार आधीच बाजूला ठेवावेत, असं मी आता स्पष्ट सांगते. सगळी रक्कम खरेदीत घातली तर गाडी दारात येते आणि दुरुस्तीला पैसे उरत नाहीत. मग माणूस गाडीला नावं ठेवतो.

आता नवी काळजी पेट्रोलची आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आपल्याकडे फेब्रुवारी 2023 पासून टप्प्याटप्प्याने आलं आणि 2025 पर्यंत सगळीकडे झालं. माझी गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. नीती आयोगाने 2021 मध्ये काढलेल्या आराखड्यातच म्हटलं होतं की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज या मिश्रणाने सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं. मालकांशी बोलावं तर पुन्हा तेच, एक म्हणतो काही फरक नाही, दुसरा म्हणतो गाडी पेट्रोल पिते. मी आता त्यांना विचारते, गाडी किती सालची, टाकी भरून किती दिवस उभी ठेवता, इंधनाचे रबरी पाइप कधी बदललेत? इथेनॉल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे भरल्या टाकीने महिनाभर उभी राहणारी गाडी आणि आठवड्याला टाकी संपवणारी गाडी यांची तुलना होऊ शकत नाही. माझ्या गाडीच्या इंधनाच्या पाइपांवर चाचा दर सर्व्हिसिंगला बोट फिरवून बघतात.

दुसरा विषय 2026 चा, माझ्या 2011 च्या गाडीच्या नोंदणीचा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावं लागतं, वर पर्यावरण कर. एप्रिल 2022 पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क 600 चं 5,000 झालं आहे. बारा-तेरा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते याचं एक कारण हेही आहे, आणि घेणाऱ्याने आरसीवरची मुदत पहिल्यांदा वाचली पाहिजे. मी नूतनीकरण करणार आहे. गाडी आज ज्या अवस्थेत आहे ती बघून चाचांनीही होकार दिला आहे.

घाटातल्या त्या दुपारनंतर आमची गाडी रस्त्यात थांबलेली नाही. वडील दर तपासणीला तिनेच येतात. मला आता लोक विचारतात, वॅगनआर कशी आहे हो? मी म्हणते, ही वॅगनआर चांगली आहे; तुम्ही जी बघताय तिची बिलं घेऊन या, मग बोलू.

जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. गाडी धुऊन, पॉलिश करून देऊ नका एक वेळ, पण तिची बिलं घेणाऱ्याच्या हातात द्या. बिलं नसतील तर एका कागदावर लिहून द्या की काय बदललं, कधी बदललं, आणि काय अजून मूळचंच आहे. गाडी कोणत्या रस्त्याला चालली, किती काळ उभी होती, तेही लिहा. तुमच्यासाठी ते अर्ध्या तासाचं काम आहे. घेणाऱ्याच्या घरातली म्हातारी माणसं त्या गाडीत बसून घाट चढणार असतात.